समोरच्या इमारतीतले प्रमुख पाहुणे

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे तपासले, खऱ्यांवर शिक्का मारला, खोट्यांना सील ठोकलं, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव बहाल केलं होतं. निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या साखरेच्या आणि साबणाच्या पुड्या पुन्हा पुन्हा वजन करून बघू लागले. बायकोनं तिसऱ्या आठवड्यात घरातला काटा माळ्यावर टाकला. मग ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसू लागले.

बाल्कनी दुसऱ्या मजल्यावरची आणि समोर हायस्कूल. खुर्चीत बसलं की शाळेचं फाटक, फाटकाला लागून असलेली दगडी पायरी, पहारेकऱ्याची केबिन आणि सभागृहाच्या दोन खिडक्या एवढं सगळं आयतं दिसायचं. कोण कधी येतो, कोण कुणाचा डबा खातो, कोणते सर फाटकाबाहेर सिगारेट विझवून तोंडात बडीशेप टाकतात, याची काटेसाहेबांना दोन महिन्यांत इत्थंभूत माहिती झाली.

अशाच एका दुपारी ते दाढी करत असताना दारावर धाप लागलेले खेळाचे शिक्षक येऊन उभे राहिले. गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून पोरं त्यांना शिट्टीसर म्हणायची.

"साहेब, तुमच्याकडे कोट आहे का?"

"आहे. मुलीच्या लग्नात शिवलेला. का?"

"घाला आणि चला. वर्षअखेरचा पारितोषिक समारंभ आहे आणि प्रमुख पाहुण्यांनी ऐन वेळी टांग मारली. मोठे हृदयरोगतज्ज्ञ होते. मोठ्या बाई म्हणाल्या, समोर कोणी निवृत्त अधिकारी राहतात, त्यांना उचलून आणा."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. काटेसाहेबांनी उरलेल्या गालावर घाईघाईनं वस्तरा फिरवला, कोट चढवला आणि पंधरा मिनिटांत ते व्यासपीठावर होते. निवेदिकेनं त्यांची ओळख 'प्रशासनातील एक उत्तुंग व्यक्तिमत्त्व' अशी करून दिली. काटेसाहेबांनी मान वळवून मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं. मग एकोणीस पारितोषिकं वाटली आणि भाषणाला उभे राहिले. बोलायला काही सुचेना, तेव्हा ते म्हणाले, "मुलांनो, अभ्यास करा, खेळा आणि पुढेमागे दुकान टाकलंत तर वजन पूर्ण द्या." एवढं बोलून ते खाली बसले.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आदल्या वर्षीचे पाहुणे सव्वा तास बोलले होते आणि त्या नादात समारंभानंतरचं स्नेहभोजन पार थंड झालं होतं. काटेसाहेबांना मात्र वाटलं, टाळ्या विचारांना आहेत.

दुसऱ्या वर्षी एक निवृत्त लष्करी अधिकारी यायचे होते, त्यांची कंबर धरली. तिसऱ्या वर्षी मालिकांमधली एक नटी यायची होती, तिला चित्रीकरण निघालं. शाळेच्या पाहुण्यांना ऐन वेळी काहीतरी व्हायचंच आणि शिट्टीसर जिने चढायचेच. समारंभाच्या दिवशी काटेसाहेब सकाळपासून दाढी करून, कोटाला इस्त्री करून, वर 'सहज बसलोय' असा चेहरा करून बाल्कनीत बसू लागले.

"मनात देव आळवताय ना, पाहुण्याचा पाय मुरगळू दे म्हणून?" बायको विचारायची.

"छे गं, काहीतरीच."

"मग घरात बूट घालून का बसलाय?"

भाषणही वाढत चाललं होतं. पाचव्या वर्षी ते पंचवीस मिनिटांचं झालं. त्यात 'एका थोर विचारवंतानं म्हटलंय' अशी सुरुवात असलेली अकरा वाक्यं होती आणि ती सगळी काटेसाहेबांनी बाल्कनीत बसून स्वतःच तयार केलेली होती. दरवर्षी मिळणारं स्मृतिचिन्ह मात्र ठरलेल्या पाहुण्यांच्या नावानं आधीच कोरून आलेलं असायचं. ते बदलून द्यायला कुणाला सवड नसायची. त्यामुळे काटेसाहेबांच्या दिवाणखान्यातल्या कपाटात आठ वर्षांत आठ स्मृतिचिन्हं जमली आणि त्यातलं एकही त्यांच्या नावाचं नव्हतं. बायको फडकं घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "डॉक्टर पुसले, लष्कर पुसलं. तुमच्या नटीच्या नाकावर केवढी धूळ बसलीय बघा."

मधल्या काळात पारितोषिकंही वाढली होती. एकोणीसची एकशे बारा झाली होती. एकदा एका आईनं 'माझ्या मुलाला काहीच कसं नाही' म्हणून मोठ्या बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडून घेतलं. तेव्हापासून शाळेनं धसका घेतला आणि जो तो काही ना काही घेऊनच घरी जाईल अशी सोय केली. हसरा चेहरा, टापटीप दप्तर, सर्वाधिक प्रयत्न. सर्वाधिक प्रयत्नांचं पारितोषिक म्हणजे मूल नापास झालंय हे आता सगळ्या पालकांना कळत होतं, पण फोटो छान यायचा. 'उत्कृष्ट श्रोता' म्हणून ज्याचं नाव पुकारलं त्याला शेजारच्यानं कोपर मारून जागं करावं लागलं होतं.

नवव्या वर्षी मोठ्या बाईंनी सभेत हात टेकले. "दरवर्षी मोठमोठ्या लोकांची नावं छापायची आणि दरवर्षी समोरचे गृहस्थ यायचे. जो येणारच आहे त्याचंच नाव छापू या ना एकदा."

निमंत्रणपत्रिका आली. प्रमुख पाहुणे म्हणून काटेसाहेबांचं नाव, वडिलांच्या नावासकट, जाड अक्षरांत. त्यांनी ती तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. मग शिट्टीसरांकडून आणखी चाळीस पत्रिका मागवून घेतल्या आणि गल्लीत घरोघर जाऊन दिल्या. न्हाव्याला दिली. एकेकाळी ज्याच्या काट्याला सील ठोकलं होतं त्या दुकानदारालाही दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "खरी आहे ना?"

काटेसाहेब आता खरेखुरे प्रमुख पाहुणे झाले होते. त्यांना वाटलं, आता जबाबदारी आली. त्यांनी शाळेला पत्र लिहून पूर्वतयारीसाठी विजेत्यांची यादी मागवली. ती आली. आठ वर्षं डोळे मिटून कप वाटणाऱ्या माणसानं लाल पेन्सिल घेतली आणि यादी तपासायला बसला.

सत्तेचाळिसाव्या नावापाशी पेन्सिल थांबली. वक्तशीरपणाचं पारितोषिक, आठवीतली एक मुलगी. ही शाळेच्या अध्यक्षांची नात. काटेसाहेब तिला चांगले ओळखत होते. रोज घंटा होऊन फाटक बंद व्हायचं, उशिरा आलेली पोरं बाहेर ताटकळत उभी राहायची आणि दहा मिनिटांनी एक काळी गाडी यायची. पहारेकरी सलाम ठोकून फाटक सताड उघडायचा, गाडी आत जायची, फाटक पुन्हा बंद. ताटकळलेली पोरं बाहेरच.

"हे खपवून घेणं शक्य नाही," ते बायकोला म्हणाले.

"तुम्हाला कप द्यायला बोलावलंय, तपासायला नाही. गप्प बसा, हसा आणि जेवून या."

पण एकतीस वर्षांची खोड. ते तडक मोठ्या बाईंकडे गेले. बाई एकशे बारा प्रमाणपत्रांवर सह्या करत होत्या. त्यांनी वर न बघता ऐकून घेतलं.

"ती वक्तशीरच आहे, साहेब."

"बाई, ती रोज घंटेनंतर दहा मिनिटांनी येते!"

"रोज ना? एक दिवसही नऊ नाही, एक दिवसही अकरा नाही. याला काय म्हणतात?" बाईंनी पुढच्या प्रमाणपत्रावर सही केली. "अध्यक्षांनी यंदा सभागृहाला नवे पंखे दिलेत. तुमच्याच डोक्यावर फिरतील."

समारंभाच्या संध्याकाळी पंखे खरोखरच झकास फिरत होते. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत काटेसाहेब, उजवीकडे मोठ्या बाई, डावीकडे अध्यक्ष. अध्यक्ष जाडजूड, गंभीर आणि सतत घड्याळ बघणारे. खाली पहिल्या रांगेत काटेसाहेबांची बायको नवी पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि डोळ्यांनी दटावत होती.

सेहेचाळीस पारितोषिकं सुरळीत गेली. निवेदिकेनं पुकारलं, "वक्तशीरपणा!" अध्यक्षांची नात वर आली. उंच, हसतमुख, अजिबात न लाजणारी मुलगी. तिनं हात पुढे केला. काटेसाहेबांनी कप उचलला आणि दिला नाही. समोरचा माइक जवळ ओढला.

"बाळ, शाळा किती वाजता भरते?"

मुलीनं क्षणभर विचार केला. "सातला... सव्वासातला?"

"आणि तू किती वाजता येतेस?"

"ते ड्रायव्हरकाकांना विचारावं लागेल," ती म्हणाली. अगदी खरं खरं.

मागच्या रांगांतून हास्याचा असा लोट उठला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. ती मुलगीही हसायला लागली. अध्यक्षांचा चेहरा मात्र गळ्यापासून वर रंगत गेला. मोठ्या बाईंनी टेबलाखालून काटेसाहेबांच्या पायावर पाय दिला, पण काटेसाहेब आता कुठले थांबतात! ते उभे राहिले.

"मी एकतीस वर्षं खोट्या काट्याला सोडलं नाही. या शाळेत वक्तशीर कोण आहे ते मी सांगतो. मी रोज बघतो. सव्वासहाला, पहारेकरीसुद्धा डोळे चोळत असतो तेव्हा, एक मुलगी फाटकाशेजारच्या पायरीवर येऊन बसते. निळं दप्तर. बसल्या बसल्या वही उघडते आणि लिहायला लागते. ऊन असो, पाऊस असो. कुठे आहे ती?"

"पायरी! पायरी!" पोरांनी गिल्ला केला. नववीच्या रांगेत एक किरकोळ मुलगी खुर्चीखाली शिरायच्या बेतात होती. मैत्रिणींनी तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. ती 'नको, नको' म्हणून मान हलवत होती. विनय बघा केवढा, असं काटेसाहेबांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. शिट्टीसरांनी तिला जवळजवळ ढकलतच वर आणलं. कप तिच्या हातात गेला. टाळ्या थांबेनात. पालकांतून एका बाईनं खुर्चीवर उभं राहून फोनवर फोटो काढले. ती तिची आई होती.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, एक तातडीचं काम आठवल्याचं मोठ्या बाईंना सांगितलं आणि ते निघून गेले. नात थांबली. तिला जेवायचं होतं.

"भाषण थोडक्यात करा," मोठ्या बाई दातांआडून म्हणाल्या. काटेसाहेबांनी सहाच्या सहा पानं वाचली.

स्नेहभोजनाला सभागृहामागच्या मोकळ्या जागेत लांबलचक टेबलं मांडली होती. शिक्षकांच्या टेबलावर काटेसाहेबांच्या एका बाजूला बायको होती आणि दुसऱ्या बाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या. शिक्षक एकेक करून यायचे, आजूबाजूला बघायचे, कानाशी वाकून 'आमच्या मनातलं बोललात, साहेब' म्हणायचे आणि ताट घेऊन दूरच्या टोकाला जाऊन बसायचे. असे सात जण येऊन गेले. शिट्टीसर तर बोललेही नाहीत, लांबूनच त्यांनी अंगठा दाखवला आणि लगेच त्याच अंगठ्यानं नाक खाजवलं.

काटेसाहेब खुशीत आईस्क्रीम खात होते. तेवढ्यात पायरीवरची मुलगी कप काखेत मारून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"अगं, आभार कसले मानतेस! तुझा हक्कच होता तो."

"आभार नाही मानत. मला सांगा, मी सव्वासहाला का येते?"

"शिस्त!"

"बाबांची पाळी साडेसहाला सुरू होते. ते जाता जाता मला सोडतात. पायरीवर बसून मी मैत्रिणीच्या वहीतला गृहपाठ उतरवते. तो घरी उतरवला तर आई बघते."

काटेसाहेबांचा चमचा थांबला. "पण येतेस तर वेळेवर."

"येते. आत कुठे जाते? घंटा झाली की तुम्ही आंघोळीला उठता, ते थेट काळी गाडी यायच्या वेळी परत येता."

"तुला कसं माहीत?"

"तुम्हाला वरून आम्ही दिसतो, मग खालून आम्हाला तुम्ही दिसत नाही का? तुम्ही उठलात की पहारेकरीकाका उशिरावाल्यांशी हुज्जत घालत असतात. मी तुमच्याच इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्याला लागते. आठवड्यातून दोनदा तरी. कधी आत्याच्या पार्लरमध्ये बसते, कधी बसनं नुसतीच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन येते."

"हजेरी किती आहे तुझी?" काटेसाहेबांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"एकसष्ट टक्के. त्या पाण्याच्या पिंपापाशी आमच्या वर्गशिक्षिका उभ्या आहेत ना, त्या मघापासून उगाच नाही हसत."

काटेसाहेबांनी तिकडे पाहिलं. वर्गशिक्षिकांनी पाण्याचा पेला उंचावून त्यांना अभिवादन केलं.

"मग कप परत करायला आलीस का?"

"वेड लागलंय का मला? आईनं एव्हाना सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवलेत. मावशी तर फोनवर रडली म्हणे. मी एवढंच सांगायला आले की आता मला रोज शाळेत बसावं लागणार. अख्खी शाळा मला ओळखायला लागली. हे तुमच्यामुळे." आणि ती तरातरा निघून गेली.

शेजारी बायकोनं हातरुमाल तोंडात कोंबला होता. तिचे खांदे गदगदत होते. शेवटी तिला उचकी लागली. ती पाणी पिऊन थांबली आणि काटेसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर पुन्हा लागली.

उठून माइकपाशी जावं आणि सांगावं, की झालेल्या तपासणीत चूक आहे, असं काटेसाहेबांना दोनदा वाटलं. खात्यात असताना त्यांनी तसं केलंही असतं. पण समोरच्या टेबलावर त्या मुलीची आई कप उभा-आडवा करून शेजारणीला दाखवत होती आणि शेजारीण 'कळलं गं' म्हणत होती. काटेसाहेब बसून राहिले. आईस्क्रीमचं पाणी झालं. त्यांच्या नावानं पहिल्यांदाच कोरलेलं स्मृतिचिन्ह जेवणानंतर द्यायचं ठरलं होतं. ते कुणी दिलं नाही आणि मागायची त्यांची छाती झाली नाही.

सुटी संपून शाळा उघडली. पहिल्या दिवशी घंटा झाली तरी काटेसाहेब आंघोळीला उठले नाहीत. पायरीवरची मुलगी उठली, इमारतीच्या दिशेनं दोन पावलं चालली, वर बघितलं आणि दात-ओठ खात बंद होणाऱ्या फाटकातून आत गेली. वर्षभर हे असंच चाललं. काटेसाहेबांची आंघोळ अर्ध्या तासानं पुढे गेली. पाणी गार व्हायचं आणि बायको बोल लावायची. मुलीची हजेरी नव्वदच्या वर गेली. त्या दोघांत प्रेमाचा एक शब्द झाला नाही.

पुढच्या समारंभाला टीव्हीवर आरोग्यसल्ले देणाऱ्या एका बाई यायच्या होत्या. दुपारी तीन वाजता त्यांचा निरोप आला, पोट बिघडलंय. शिट्टीसर जिने चढून आले. काटेसाहेबांनी आवाज ओळखला, वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि कोटाच्या कपाटाकडे निघाले.

"बसा, साहेब, बसा," शिट्टीसर ओशाळून म्हणाले. "तुम्ही नाही. वहिनी आहेत का?"

"तिचं काय काम?"

"मोठ्या बाईंनी बोलावलंय. म्हणजे... अध्यक्षांची एवढीच अट आहे, की तुम्ही सोडून कोणीही चालेल."

बायको ओले हात पुसत बाहेर आली. "मला? काय म्हणून?"

"ज्येष्ठ समाजसेविका म्हणून."

"कसली सेवा केली मी?"

शिट्टीसरांनी काटेसाहेबांकडे एक नजर टाकली. "ते आम्ही निवेदनात बघतो, वहिनी."

ती दहा मिनिटांत तयार झाली. काटेसाहेब 'सोबत म्हणून' गेले आणि पालकांच्या रांगेत बसले. यंदा पारितोषिकं एकशे चाळीस होती. वक्तशीरपणाचं बंद झालं होतं. त्याऐवजी 'सर्वगुणसंपन्न विद्यार्थिनी' असं नवं सुरू झालं होतं. ते अध्यक्षांच्या नातीला मिळालं आणि ते कोणत्याही बाल्कनीतून तपासता येण्यासारखं नव्हतं. काटेसाहेबांच्या बायकोनं ते हसत दिलं. एकशे चाळीसही तिनं हसतच दिली, एकेकाच्या गालाला हात लावून. मग भाषणाला उभी राहिली. "माझे यजमान तुम्हाला पुष्कळ सांगून गेलेत. जेवण गरम आहे तोवर जेवून घ्या," एवढं म्हणून ती बसली. पोरांनी खुर्च्या बडवल्या. अध्यक्ष स्वतः उठून टाळ्या वाजवू लागले.

शेवटी सगळ्या विजेत्यांचा प्रमुख पाहुण्यांसोबत एकत्र फोटो होता. व्यासपीठावर एकच झुंबड उडाली. बायकोनं खूण करून काटेसाहेबांना वर बोलावलं आणि त्यांच्या हातात पर्स दिली. ते ती दोन्ही हातांनी छातीशी धरून तिथेच, तिच्या खुर्चीशेजारी, कोट नीट करून उभे राहिले.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"ते पर्सवाले आजोबा," तो ओरडला, "जरा बाजूला व्हा. मॅडम दिसत नाहीयेत."